लेझीम खेळणारी पावले : पोटऱ्यांची निगा आणि उपचार

आपल्या निवासी शाळेचे लेझीम पथक १४ एप्रिलच्या मिरवणुकीत उतरते, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या पालकांची नजर मुलांच्या हातांवर खिळलेली असते. चकत्या एकाच वेळी वाजल्या, रांग सरळ राहिली, हलगीच्या ठेक्यावर वळणे अचूक झाली की टाळ्या पडतात. पावलांकडे फारसे कोणी पाहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहाच्या जिन्यावर मात्र कठडा धरून, आडवे होत एकेक पायरी उतरणारी मुले दिसतात. विचारले, तर उत्तर ठरलेले असते : “काही नाही सर, जरा पोटऱ्या भरल्यात.”

या ‘काही नाही’चा शांतपणे विचार व्हावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत, वैद्य नव्हे. तथापि लेझीम पथकासोबत अनेक वर्षे मैदानावर उभे राहिल्यामुळे आणि जाणकार डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांच्याशी वेळोवेळी बोलल्यामुळे जे समजले, ते पालकांपर्यंत आणि माजी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे आम्हांस कर्तव्य वाटते. आमच्या अनेक माजी विद्यार्थिनी आज लावणी, लोकनृत्य वा भरतनाट्यम् शिकतात, शिकवितात. त्यांनाही याचा उपयोग होईल.

कसरतीतून आलेला नाच

‘लेझीम’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. मूळची लेझीम म्हणजे दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेले धनुष्य. तिरंदाजाने खांदे व छाती कमावण्यासाठी ते ओढायचे, हा तिचा उपयोग. आखाड्यांतून ती तालमीचे साधन झाली. लाकडी दांडा, साखळी आणि साखळीतील चकत्या असे तिचे आजचे रूप बनले आणि तालावर खेळली जाणारी सामूहिक कसरत म्हणून ती शाळाशाळांत रुजली. १९८२ साली दिल्लीत झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनात महाराष्ट्राची लेझीम साऱ्या देशाने पाहिली.

हे सांगण्याचे कारण इतकेच, की लेझीम हा नाच असला तरी तो मुळात व्यायाम आहे; आणि कोणताही व्यायाम तयारीशिवाय, मापाशिवाय व विश्रांतीशिवाय केला तर तो शरीर घडविण्याऐवजी झिजवितो. हाताने सुरू झालेल्या या कसरतीचा खरा भार आज पायांवर आला आहे. ‘चार आवाज’ एका जागी उभे राहून होतो. परंतु ‘आगे फलांग’, ‘पीछे फलांग’ यांसारख्या प्रकारांत चवड्यांवर उड्या येतात, गुडघ्यांत बसणे-उठणे येते, आणि मिरवणुकीत हे सारे डांबरी रस्त्यावर तासन्‌तास चालते.

आपल्या जिल्ह्याला नाचणाऱ्या पावलांचा इतिहास मोठा आहे. मोडनिंबची कला केंद्रे आणि अकलूजची लावणी स्पर्धा यांची नावे महाराष्ट्रभर घेतली जातात. तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म १९३५ साली आपल्याच पंढरपुरात झाला. काही किलो वजनाचे घुंगरू पायांत बांधून रात्ररात्र फडावर नाचणाऱ्या या कलावतीला राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. पण अखेरचा काळ हलाखीत गेला आणि २००२ साली त्या निवर्तल्या. विठाबाईंसारख्या कलावंतांच्या पावलांवर समाजाने शिट्ट्या आणि पैसे उधळले. त्या पावलांना विश्रांती हवी, उपचार हवा, हे मात्र फार थोड्यांना सुचले. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातील शृंगारिक भाग वगळला आणि भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तोच मंच प्रबोधनासाठी वापरला. कलेचा हेतू बदलला, कलावंताची प्रतिष्ठा वाढली. आता त्याच्या शरीराची काळजी घेणे, ही पुढची पायरी आहे.

पोटरीत असते काय?

गुडघ्याच्या मागून टाचेपर्यंत जाणाऱ्या मांसल भागास आपण पोटरी म्हणतो. तिच्यात दोन मुख्य स्नायू असतात. वरचा, त्वचेखाली फुगीर दिसणारा, तो गॅस्ट्रोक्नेमियस. त्याला दोन डोकी असतात व ती गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाला चिकटलेली असतात. त्याच्या आत दडलेला चपटा व रुंद स्नायू म्हणजे सोलियस. तो गुडघ्याच्या खाली, नडगीच्या मागील बाजूस सुरू होतो. खाली हे दोन्ही स्नायू एकत्र येऊन एक जाड कंडरा बनते आणि ती टाचेच्या हाडाला जोडली जाते. टाचेच्या मागे चिमटीत धरता येणारी ती जाड दोरी म्हणजे हीच कंडरा. तिला अकिलीस कंडरा म्हणतात.

ही रचना लक्षात ठेवण्याचे व्यावहारिक कारण आहे. वरचा स्नायू गुडघा आणि घोटा असे दोन सांधे ओलांडतो. म्हणून त्याला ताण द्यायचा तर गुडघा सरळ ठेवावा लागतो. आतला स्नायू घोटाच ओलांडतो. म्हणून त्याला ताण देताना गुडघा किंचित वाकवावा लागतो. पुष्कळ मुले एकाच प्रकारे ताण देतात आणि “रोज स्ट्रेचिंग करूनही पोटरी सुटत नाही” अशी तक्रार करतात, त्याचे एक कारण येथे सापडते.

पोटरीची कामे तीन. टाच उचलून शरीर पुढे व वर ढकलणे, हे पहिले. उडीवरून खाली येताना लगामाप्रमाणे शरीर सावकाश जमिनीवर उतरविणे, हे दुसरे. आणि पोटरी दुखविण्यात याच कामाचा वाटा मोठा असतो. तिसरे काम दिसत नाही : प्रत्येक पावलागणिक पोटरी आकुंचन पावते आणि पायांतील रक्त हृदयाकडे वर ढकलते. म्हणूनच तिला शरीराचे दुसरे हृदय म्हणण्याचा प्रघात आहे. धावताना किंवा उडी मारताना टाचेच्या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. चाळीस किलोच्या मुलीच्या पोटरीवर मिरवणुकीत हजारो वेळा असा भार पडत असेल, तर ती दुखण्यात नवल नाही. नवल आहे ते आपण त्याची पूर्वतयारी करीत नाही याचे.

दुखणे एकच नसते

‘पोटरी भरली’ या दोन शब्दांत आपण निरनिराळी दुखणी कोंबतो. त्यांचा उपचार वेगळा असल्याने त्यांची ओळखही वेगळी हवी.

१. श्रमाचा ठणका : हा नाच चालू असताना जाणवत नाही. बहुधा दुसऱ्या दिवशी सुरू होतो, २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असतो आणि चार-पाच दिवसांत आपोआप ओसरतो. दोन्ही पाय सारखेच दुखतात. सवय नसलेल्या श्रमाने स्नायूंच्या तंतूंना अतिसूक्ष्म इजा होते व ती भरून येताना हा ठणका लागतो. ‘लॅक्टिक आम्ल साचले’ हे त्याचे लोकप्रिय कारण बरोबर नाही. ते श्रमानंतर साधारण तासाभरात रक्तातून निघून गेलेले असते.

२. वांब किंवा गोळा येणे : पोटरी अचानक दगडासारखी घट्ट होते, असह्य कळ येते आणि काही क्षणांत वा मिनिटांत सुटते. थकलेल्या स्नायूत हे अधिक घडते. उन्हातला घाम आणि कमी पडलेले पाणी यांचाही त्यास हातभार लागत असावा, असे मानतात.

३. कायमची आखडलेली पोटरी : सतत चवड्यांवर नाचणाऱ्या, टाच पूर्ण न टेकविणाऱ्या मुलांत ही दिसते. सकाळी उठल्यावर पहिली पावले जड पडतात, खाली उकिडवे बसताना टाचा उचलल्या जातात. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आखडलेली वाटणारी पोटरी पुष्कळदा दुबळी पोटरी असते. ताकदीपेक्षा अधिक काम पडल्याने ती सदैव ताणलेली राहते. अशा पोटरीला निव्वळ ताण देऊन भागत नाही. तिला बळकट करावे लागते.

४. स्नायू फाटणे : उडी मारताना वा एकदम पुढे झेपावताना पोटरीत, बहुधा आतील बाजूस, मागून कोणी दगड मारल्यासारखी कळ येते. त्यानंतर टाच उचलून चालता येत नाही. सूज किंवा काळेनिळेपणा दिसू लागतो. हे दुखणे अंगावर काढण्याचे नाही.

आधीची काळजी

मिरवणुकीच्या आठ दिवस आधी रोज तीन तास सराव, हा आपल्याकडचा सर्रास प्रघात आहे. पोटरीचा सर्वांत मोठा शत्रू तोच. स्नायू आणि कंडरा वाढत्या भाराशी जुळवून घेतात, पण सावकाश. आणि कंडरेला स्नायूपेक्षाही अधिक वेळ लागतो. म्हणून एप्रिलची तयारी फेब्रुवारीअखेरीस सुरू व्हावी. पहिल्या आठवड्यात अर्धा तास, उड्यांशिवाय. पुढे दर आठवड्याला थोडी भर. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी. आणि मिरवणुकीच्या आधीचे दोन दिवस केवळ हलका सराव. परीक्षेमुळे सरावात खंड पडला, तर राहिलेला सराव एका दिवसात भरून काढू नये.

सरावापूर्वी ८ ते १० मिनिटे शरीर तापवावे. प्रथम चालणे, मग संथ धावणे; घोटे गोल फिरविणे; टाचांवर दहा पावले, चवड्यांवर दहा पावले; अर्ध्या बैठका; आणि शेवटी लेझमीचे उड्या नसलेले प्रकार संथ लयीत. थंड शरीराने भिंतीला टेकून दीर्घकाळ ताण देत बसणे नाचापूर्वी उपयोगाचे नाही. त्याने स्नायूची झेप काही काळ उलट किंचित कमी होते. तो ताण सरावानंतर द्यावा.

सरावानंतरचा ताण असा द्यावा : भिंतीला दोन्ही तळहात टेकून एक पाय मागे न्यावा. मागच्या पायाची टाच जमिनीला चिकटलेली, बोटे सरळ पुढे, गुडघा सरळ. पोटरीत ओढ जाणवेपर्यंत पुढे झुकावे व ३० सेकंद स्थिर राहावे. हिसके देऊ नयेत. मग मागचा पाय थोडा जवळ घेऊन, टाच न उचलता, गुडघा वाकवून पुन्हा ३० सेकंद. दोन्ही पायांना दोन-तीन वेळा. ओढ जाणवावी, कळ येऊ नये. अशा ताणाने दुसऱ्या दिवशीचा ठणका टळतो असे मात्र नाही. त्याचा लाभ घोट्याची हालचाल मोकळी राहण्यात आहे.

बळकटीसाठी टाचा उचलण्याचा व्यायाम सर्वांत सोपा व सर्वांत उपयुक्त. भिंतीला हात टेकून, दोन अंक मोजत टाचा वर, चार अंक मोजत सावकाश खाली. खाली येणे जितके संथ, तितका लाभ अधिक. १० ते १५ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. ते सहज जमू लागल्यावर एका पायावर. काही फेऱ्या गुडघे किंचित वाकवून कराव्यात, म्हणजे आतल्या स्नायूलाही काम मिळते. निरोगी प्रौढ व्यक्तीला एका पायावर सलग वीस-पंचवीस वेळा टाच उचलता यावी, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. पालकांनी हा लेख खाली ठेवून स्वतः करून पाहावे. अनेकांना आपल्या पोटऱ्यांची नवी ओळख होईल.

पोटरी आखडली आहे काय, हे घरीच तपासता येते. भिंतीपासून अंगठ्याचे टोक १० सेंटिमीटर अंतरावर ठेवावे, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावावा. न लागला, किंवा एका पायाचा लागून दुसऱ्याचा लागत नसेल, तर त्या पायाकडे लक्ष द्यावे.

उतरण्याची रीत शिकविणे, हे प्रशिक्षकाचे काम. उडीवरून खाली येताना आधी चवडा, मग टाच पूर्ण टेकली पाहिजे आणि गुडघे वाकले पाहिजेत. पावलांचा आवाज जितका कमी, तितके उतरणे चांगले. लेझमीचा आवाज मोठा आणि पावलांचा लहान, हे आम्ही पथकाला सांगतो. लावणी नाचणाऱ्या मुलींनी घुंगरांचे वजनही टप्प्याटप्प्याने वाढवावे. पहिल्याच महिन्यात संपूर्ण घुंगरू बांधण्याची घाई करू नये.

उरले पाणी, आहार आणि झोप. सोलापूरचा एप्रिल म्हणजे चाळीस अंशांच्या आगेमागे. सराव सकाळी उन्हे वर येण्यापूर्वी किंवा सायंकाळी असावा. तहान लागण्याची वाट न पाहता अधूनमधून पाणी प्यावे. लांब मिरवणुकीत मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत किंवा ताक द्यावे. रंगीत बाटलीबंद पेयांची गरज नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगदाणे, अंडी, पालेभाजी आणि केळी हा आपला साधा आहार स्नायूंच्या डागडुजीस पुरेसा आहे, मात्र तो पोटभर हवा. किशोरवयात ८ ते १० तासांची झोप लागते. मिरवणुकीच्या आदल्या रात्री जागून पताका लावणारी मुलेच दुसऱ्या दिवशी आधी गळतात, हा अनुभव आहे.

दुखू लागल्यावर

श्रमाच्या ठणक्यास अंथरूण धरण्याची आवश्यकता नाही. हलके चालणे हे उत्तम औषध. हालचालीने रक्त फिरते व जडपणा कमी होतो. गरम पाण्याचा शेक आराम देतो. खोबरेल वा तिळाचे तेल लावून घोट्याकडून गुडघ्याकडे, हलक्या हाताने चोळावे. घरातले लाटणे पोटरीवरून अलगद फिरविले तरी चालते. पण अंगावर उभे राहून पाय तुडविण्याची प्रथा बंद करावी. बामने आराम वाटतो तो त्वचेवरील उष्णतेच्या जाणिवेमुळे. आतील इजा त्याने भरून येत नाही. ठणका ओसरेपर्यंत उड्या टाळाव्यात.

वांब आल्यास बसावे, गुडघा सरळ करावा, पायाची बोटे हाताने किंवा टॉवेलने हळूहळू स्वतःकडे ओढावीत व गोळा सुटेपर्यंत धरून ठेवावे. नंतर पाणी प्यावे, सावलीत थांबावे. त्याच दिवशी पुन्हा रांगेत धावत जाऊ नये.

स्नायू फाटल्याची शंका असल्यास नाच तत्काळ थांबवावा. पाय उशीवर उंच ठेवावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे, दिवसातून काही वेळा लावावा; बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये. क्रेप बँडेज बांधावे, पण बोटे बधिर वा निळसर होतील इतके घट्ट नको. पहिले दोन-तीन दिवस शेक नको, मालिश नको. नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू हालचाल. वेदनाशामक गोळ्या मुलांना आपल्या मनाने देऊ नयेत. ॲस्पिरिन तर मुळीच नाही.

पुढील चिन्हे दिसल्यास घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठावे :

• टाचेमागे ‘फट्’ असा आवाज होऊन चवड्यावर उभेच राहता न येणे. कंडरा तुटलेली असू शकते.

• एकाच पायाची पोटरी सुजणे, गरम व लाल होणे, विशेषतः दीर्घ आजारपणानंतर, प्रवासानंतर वा प्लास्टरनंतर. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशी पोटरी चोळू नये. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले, तर क्षणाचाही विलंब नको.

• अतिश्रमानंतर लघवीचा रंग काळ्या चहासारखा होणे. स्नायूंची मोठी हानी होऊन मूत्रपिंडावर ताण येतो.

• उन्हात नाचताना गोंधळल्यासारखे बोलणे, भोवळ, बेशुद्धी. हा उष्माघात असू शकतो. मुलास सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व त्याच वेळी वाहन बोलवावे.

वाढत्या वयाची टाच

निवासी शाळेत आणखी एका दुखण्याची माहिती असलीच पाहिजे. साधारण ८ ते १४ या वयात हाडे झपाट्याने वाढतात. स्नायू मागे पडतात. आखडलेली पोटरी टाचेच्या हाडाच्या वाढत्या भागाला सतत ओढत राहते आणि टाच दुखू लागते. क्ष-किरण चित्रात बहुधा काही दिसत नाही, आणि मग मुलावर ‘सोंग करतो’ असा शिक्का बसतो.

काही वर्षांपूर्वी आठवीतील एक विद्यार्थिनी पथक सोडते म्हणाली. कारण सांगेना. मैत्रिणींनी तिला ‘रडकी’ ठरविले होते. तिची आई विडी कारखान्यात, वडील यंत्रमागावर. त्यांना कळविले तर मजुरी बुडवून यावे लागेल, म्हणून ती गप्प होती. डॉक्टरांनी टाच दोन्ही बाजूंनी दाबून पाहिली आणि दुखणे वाढीचे असल्याचे सांगितले. सराव निम्मा केला, उड्या बंद केल्या, बुटात टाचेखाली मऊ गादी घातली, वर सांगितलेले दोन्ही ताण रोज सुरू केले. काही महिन्यांत दुखणे गेले. पुढच्या वर्षी पथकाच्या पहिल्या रांगेत ती होती. तिच्या पायापेक्षा तिचे मौन आम्हांस अधिक गंभीर वाटले. सोसणे हा गुण आहे, असे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना शिकविले गेले, त्यांच्या घरात दुखणे सांगणे हाच गुन्हा वाटू लागतो. आपल्या आई-वडिलांनी जे नाइलाजाने सोसले, ते मुलांनी कर्तव्य म्हणून सोसावे, हे न्यायाचे नाही.

वीणेची तार

विनयपिटकात सोण नावाच्या भिक्षूची कथा आहे. चंपेच्या श्रीमंत घरात अतिशय सुकुमार वाढलेला हा तरुण प्रव्रजित झाला आणि राजगृहाजवळ इतक्या आवेशाने चंक्रमण करू लागला, की त्याच्या तळव्यांतून रक्त वाहून चालण्याची वाट माखली. तथागतांनी ती वाट पाहिली. सोण पूर्वी वीणा वाजवीत असे. त्यास त्यांनी वीणेच्याच तारेवरून समजाविले, की तार अति ताणली तर सुरात वाजत नाही आणि अति सैल सोडली तरी वाजत नाही. प्रयत्नाचेही तसेच आहे. पुढे त्यास एका तळाची पादत्राणे वापरण्याची अनुज्ञा मिळाली. तेव्हा सोण म्हणाला, की साऱ्या संघाला अनुज्ञा असेल तरच आपण ती वापरू. आणि तथागतांनी ती सर्व भिक्षूंना दिली.

पोटरीच्या निगेचे सारे शास्त्र या कथेत सामावले आहे, असे आम्हांस वाटते : मापातला ताण, आणि पायांत आधार देणारी वस्तू, तीही सर्वांना सारखी. पथकातील निम्म्या मुलांच्या पायांत चांगले बूट आणि निम्मी अनवाणी तापलेल्या डांबरावर, हे दृश्य आपल्या शाळेस शोभणारे नाही.

आपणांकडून अपेक्षा

बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी याच सोलापुरात आपल्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. तेथील विद्यार्थी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही चालवीत. त्याच काळात सभेने मुंबईत मोफत वाचनालय आणि तरुणांना जुगार व व्यसनांपासून दूर ठेवण्यासाठी हॉकी क्लब चालविला. पुस्तक आणि मैदान या दोहोंचा विचार बाबासाहेबांच्या पहिल्याच संस्थेने एकत्र केला होता. आपल्या वसतिगृहानेही तो तसाच करावा.

माजी विद्यार्थी शाळेस काहीतरी भेट द्यावी म्हणून नेहमी विचारणा करतात. मैदानावर पेव्हर ब्लॉक घालून द्यावेत, असाही प्रस्ताव अनेकदा येतो. भावना आदरणीय आहे. परंतु आमची नम्र विनंती आहे, की मैदान मातीचेच राहू द्यावे. माती उडीचा धक्का थोडा तरी पोटात घेते, फरशी तो जसाच्या तसा पोटरीकडे परतविते. द्यायचेच असेल, तर पथकातील प्रत्येक मुलासाठी मापाचे, मऊ तळाचे बूट द्यावेत. मैदानाच्या कडेला झाडे लावावीत. मिरवणुकीच्या मार्गावर तासा-दीड तासाने मुलांना दहा मिनिटे बसविण्याची आणि पाण्याची सोय करावी. शाळेत दर वर्षी एकदा फिजिओथेरपिस्टकडून पथकाची तपासणी करून देणारा माजी विद्यार्थी पुढे आला, तर ती देणगी कोणत्याही कमानीहून मोठी ठरेल.

पालकांनी सुट्टीत घरी आलेल्या मुलाला गुणांसोबत एवढेही विचारावे : पाय दुखतो का? केव्हा दुखतो? एकच की दोन्ही? आणि मागावर दिवसभर उभे राहणाऱ्या बंधुभगिनींनी स्वतःसाठीही थोडे करावे. दर अर्ध्या तासाने जागच्या जागी वीस वेळा टाचा उचलाव्यात, घरी आल्यावर पाय काही वेळ उंच ठेवावेत. पोटरीचा पंप त्यांच्याही पायांत आहे आणि तो बंद पडून चालणार नाही.

येत्या जयंतीच्या सरावाची सुरुवात फेब्रुवारीच्या अखेरीस, सकाळी साडेसहाला, मैदानावर होईल. पहिले दहा मिनिटे कोणाच्याही हातात लेझीम असणार नाही. ज्या पालकांना व माजी विद्यार्थ्यांना शक्य असेल त्यांनी यावे आणि मुलांसोबत टाचा उचलाव्यात.

नमो बुद्धाय! जय भीम!